मुठीचा पुरावा

"तात्या, जरा मोबाईल धरा. हलवू नका फक्त."

माघ महिना होता, दिवस कलला होता. धाकट्या भावाच्या पोरानं माझ्या हातात मोबाईल दिला आणि समोर ओट्यावर बसून हाताचा ग्रिपर काढला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखं यंत्र असतं. दोन मुठी आणि वर स्प्रिंग. पंजात धरायचं आणि दोन्ही मुठी एकमेकींना टेकेपर्यंत दाबायचं. पोराकडचा ग्रिपर प्लॅस्टिकचा, दोन-तीनशे रुपयांत मिळणारा. त्याला एक फिरकी असते. ती फिरवली की स्प्रिंग सरकते आणि पट्टीवरची खूण 5 किलोपासून 60 किलोपर्यंत जाते. पोरानं खूण 60 वर नेली, बाही वर सारली आणि दाबायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला बोटभर अंतर राहिलं. दुसऱ्या खेपेला तेवढंच. मी मोजत होतो. जन्म मास्तरकीत गेला, मोजायची सवय सुटत नाही. एकोणीस खेपा झाल्या, मुठी टेकल्या नाहीत. अधनंमधनं तो हात झटकायचा, पँटीला पुसायचा आणि म्हणायचा, "हे पुसा तात्या." म्हणजे व्हिडिओ पुसा. विसाव्या खेपेला त्यानं डाव्या हातानं मुठी आधीच अर्ध्या मिटवून घेतल्या, मग उजव्या पंजात बसवल्या आणि दात आवळून दाबलं. टक्कन आवाज आला. मुठी खरंच टेकल्या की टेकल्यासारख्या झाल्या, हे मला दिसलं नाही, कारण त्याची चार बोटं आडवी होती.

रात्रीपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला होता. अकरा सेकंदांचा. त्यात आधीच्या एकोणीस खेपा नव्हत्या. डावा हातही कापून टाकलेला. खाली लिहिलं होतं, ‘60 किलो. लोखंडी पंजा.’ सकाळी चहाच्या टपरीवर दोघं-तिघं म्हणाले, "मास्तर, पुतण्या लई तयार झाला की!" मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. चहा प्यालो आणि घरी आलो. तो माझा भित्रेपणा होता. त्याची भरपाई म्हणून हे लिहितोय.

त्या व्हिडिओचा एकुलता एक साक्षीदार मी होतो. मोबाईल माझ्याच हातात होता. आणि साक्षीदार म्हणून सांगतो, तो पुरावा नव्हता. पोरगं खोटारडं आहे असं मी म्हणत नाही. पोरगं गुणी आहे, पहाटे उठून पळतं, पोलीस भरतीची तयारी करतं. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. ज्याला आपण सगळे आजकाल पुरावा म्हणायला लागलोय, त्याबद्दल आहे.

गणिताच्या पेपरात पोरं नुसतं उत्तर लिहायची. मी अर्धे मार्क कापायचो. पोरगं भांडायला यायचं, "गुरुजी, उत्तर तर बरोबर हाय." मी म्हणायचो, रीत कुठाय? उत्तर शेजारच्याच्या पाटीवरनंही येतं. रीत तुझी तुलाच करावी लागते. हा ग्रिपरचा व्हिडिओ म्हणजे नुसतं उत्तर आहे. रीत कापून टाकलेली.

त्यात काय काय दिसत नाही, ते एकदा बघा. पट्टीवर 60 लिहिलंय, पण स्प्रिंग खरंच तेवढी ताठ आहे का, हे पट्टीला ठाऊक नसतं. कारखान्यातनं निघालेल्या दोन सारख्या ग्रिपरांतही फरक असतो. शिवाय तोच ग्रिपर वर्षभर दाबला की थोडा सैल पडतो. किलो म्हणजे तरी काय? मुठीच्या टोकाला वजन टांगून मोजलं तर एक आकडा येतो, मध्यावर टांगून मोजलं तर दुसरा. खरी मेख तर सुरुवातीलाच आहे. पूर्ण उघड्या मुठी एका हातानं मिटवणं निराळं, आणि दुसऱ्या हातानं अर्ध्या मिटवून घेतलेल्या मुठी टेकवणं निराळं. उघड्या मुठीला बोटांची टोकं जेमतेम पोचतात, तिथं माणूस खरा कमी पडतो. व्हिडिओ नेमका त्यानंतर सुरू होतो.

हे माझं खेड्यातल्या म्हाताऱ्याचं खुसपट आहे असं वाटत असेल, तर ज्यांनी हा खेळ खरोखर मनावर घेतलाय त्यांची गोष्ट ऐका. पोरानंच मला ती सांगितली, मग मी आणखी वाचलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आयर्नमाइंड नावाची कंपनी आहे. तिचे लोखंडी ग्रिपर ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ या नावानं जगभर जातात. त्यातला तीन नंबरचा ग्रिपर कंपनीच्या मापानं 280 पौंडांचा, म्हणजे साधारण 127 किलोंचा. चार नंबरचा 365 पौंडांचा. तीन नंबर मिटवणाऱ्यांची यादी ती कंपनी ठेवते. त्या यादीतलं पहिलं नाव रिचर्ड सोरिन यांचं, 1991 सालचं. चार नंबर सगळ्यात आधी मिटवून यादीत आले ते जो किनी, 1998 साली. आता या लोकांचा नियम बघा. दाबायच्या आधी दोन मुठींमध्ये बँकेच्या कार्डाची रुंदी बसली पाहिजे, त्याहून जास्त मिटवून घेतलेलं चालत नाही. आणि शेजारी साक्षीदार उभा लागतो. ज्यांनी हा खेळ नावारूपाला आणला त्यांनाच ठाऊक आहे की ‘टक’ आवाजावर विश्वास ठेवायचा नसतो. त्यांनी कार्ड लावलं, माणूस उभा केला. आपण फक्त ग्रिपर उचलला आणि मोबाईल लावला.

दवाखान्यातही पकड मोजतात. डायनॅमोमीटर म्हणतात त्या यंत्राला. माणसाला खुर्चीवर बसवतात, कोपर काटकोनात ठेवायला लावतात, दोन-तीनदा दाबायला सांगतात आणि आकडा कागदावर लिहितात. आकडा कमी आला तरी लिहितात, हे महत्त्वाचं. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. 17 देशांतली सुमारे 1 लाख 40 हजार माणसं त्यात होती, आपल्या देशातलीही होती. पकड 5 किलोनं कमी असेल तर मृत्यूचा धोका सरासरी 16 टक्क्यांनी जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे मूठ ही साधी गोष्ट नाही. माणूस आतून किती टिकेल, हे ती सांगते. पण त्या डॉक्टरांनी सगळ्यांचे आकडे घेतले, कमी आलेलेही. त्यांनी आमच्या पोरासारखे एकोणीस पुसून विसावा ठेवला असता, तर त्या अभ्यासातनं काहीच कळलं नसतं.

माझ्या तरणेपणी मूठ कशी जोखायचे, ते सांगतो. जुनं ते सोनं म्हणायला सांगत नाही. तालमीत चिक्कार भानगडी होत्या, त्या मला ठाऊक आहेत. पण एका बाबतीत तिथला कारभार चोख होता. हौदात उतरलं की समोरचा माणूस तुमच्या मनगटाला हात घालायचा. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेलं. अंग घामानं निसरडं. सलामीला चिमूटभर माती एकमेकांच्या हाताला लावायची आणि मग पकड. तुमची पकड किती आहे हे तुम्ही सांगायची गरजच नसायची. समोरचा सांगायचा. त्याचं मनगट सुटलं की पकड नव्हती. नाही सुटलं की होती. आणि तो सोडवायसाठी जीव तोडून झटत असायचा. ग्रिपरची स्प्रिंग झटत नाही, डाव टाकत नाही, हुलकावणी देत नाही. ती दर खेपेला तशीच, तेवढीच.

मी तालमीत तीन वर्षं घालवली. मोठा पैलवान झालो नाही, पण एक गोष्ट अंगात मुरली. कुस्ती हरलो तेव्हाही लोक बघत होते. आमच्या जत्रेतल्या मैदानात हलगीच्या तालावर मी ज्याच्याबरोबर उतरलो, त्यानं मला चौथ्या मिनिटाला चितपट केलं. वस्ताद बघत होते, थोरला मामा बघत होता, ज्या पोरीशी माझं लग्न ठरायचं होतं तिचा बाप बघत होता. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी असं बांधवून घेतलंय की कुठंही बसलं तरी मधला हौद दिसतो. चित झालेला माणूस सगळ्यांना दिसतो. तिथं कुणाला ‘हे पुसा’ म्हणता येत नाही. म्हणूनच तिथं जिंकलेल्याला किंमत असते. हरणं पुसता येत असतं, तर जिंकणंही फुकटात गेलं असतं.

हे सगळं मी पोराला एके रात्री जेवताना ऐकवलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. लेकरू संस्कारी आहे, उलटून बोलत नाही. मीही विजयी मुद्रेनं हात धुतले.

मग शाळू काढायला आला.

आमचा भाग मंगळवेढ्याचा. मंगळवेढ्याची ज्वारी म्हटलं की बाहेरचा माणूस भाकरीचं कौतुक करतो, हुरड्याची आठवण काढतो. ती ज्वारी निघते कशी, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्याकडं मालदांडी कापत नाहीत, उपटतात. उपटली की कडब्याचा ताट अख्खा मिळतो आणि रानात धसकट राहत नाही. पण तोवर काळी जमीन वाळून दगड झालेली असते, भेगा पडलेल्या असतात. बुडाशी दोन-तीन ताटं एका मुठीत धरायची, पीळ देऊन हिसका मारायचा, पायावर आपटून माती झाडायची, आडवी टाकायची. पुन्हा वाकायचं. ताटाची पानं करवतीसारखी. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात, तिसऱ्या दिवशी त्याच हातानं पुन्हा पात धरायची. माणसं मिळत नाहीत म्हणून आता बरेचजण विळ्यानं कापून घेतात. कुठं कुठं मशीन येतं. आमचं रान चार तुकड्यांत, त्यात मशीन फिरत नाही. म्हणून घरच्यांनीच काढायचं ठरलं.

मला खरं सांगायचं तर आत कुठंतरी वाटत होतं, आता बघू लोखंडी पंजा. पोरगं दुपारपर्यंत पळून जाईल, आणि मग माझा मुद्दा मला तोंडानं मांडायलाच नको.

पोरगं पळालं नाही. सकाळी उन्हाच्या आधी पात धरली. दहा वाजेतोवर त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. त्यानं फडकं गुंडाळलं आणि काढत राहिलं. दुपारनंतर मात्र त्याची बोटं मिटेनात. ताट धरायचं तर धरलं जायचं, पीळ द्यायला गेलं की सुटायचं. माझी तर त्याच्या आधीच सुटायला लागली होती. आम्ही दोघं बांधावर येऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं ते हे की ग्रिपर एक क्षण मागतो आणि शाळू दिवस मागतो. मिटवणं आणि धरून राहणं या दोन निराळ्या ताकदी आहेत. पहिली नसली तरी माणूस जगतो. दुसरी नसली तर घर चालत नाही.

पण मी हे बोलायच्या आधी पोरगंच बोललं. हाताला फुंकर मारत म्हणालं, "तात्या, एक विचारू? राग नका मानू. आज्जीनं असं किती वरीस काढलं?"

मी हिशेब केला. "चाळीस तरी."

"मग त्याचा पुरावा कुठाय?"

मला उत्तर आलं नाही.

"तुमी म्हणताय व्हिडिओ पुरावा न्हाई. पटलं मला. पण आज्जीचं तर कुणी बघितलंच न्हाई. सातबाऱ्यावर आज्ज्याचं नाव, मग तुमचं आणि आमच्या बापाचं. जत्रंत आज्ज्याला फेटा बांधायचे. आज्जीला कुणी काय म्हणलं का कधी? न दाखवता केलं की कुणी मोजतच न्हाई, हे आमी घरातच बघितलंय की. म्हणून दाखवतो."

बांधावर बसून मी बराच वेळ गप्प होतो. पोरानं मला चितपट केलं होतं, आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या आईचे हात मी आजवर नीट बघितलेच नव्हते, असं म्हणायची वेळ आली. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. हातोडीच्या दांड्यानं तळहात सोलून निघायचे, त्यावर तेल-हळद लावून सकाळी पुन्हा जायची. येताना पदरात सुकडी आणायची. आम्ही भावंडं सुकडीची वाट बघायचो, आईची नाही. दुष्काळ सरल्यावर दारात म्हशी आल्या, पंढरपुरी, लांब शिंगांच्या. त्यातली एक धारेला इतकी जड की गडीमाणूस दोन मिनिटांत बोटं चोळत उठायचा. आई अख्ख्या मुठीनं धार काढायची. अंगठा-तर्जनीनं सडाचं वरचं तोंड दाबायचं, मग एकेक बोट खाली मिटत आणायचं. एका वेळेला कितीशे मुठी होत असतील! सकाळी आणि संध्याकाळी, चार म्हशी, कित्येक वर्षं. तिनं एकदाही कुणाला ‘बघा’ म्हटलं नाही. आम्हीही कधी बघितलं नाही. गुळगुळीत चरवीत फेसाळलेलं दूध तेवढं बघितलं.

एवढ्यावरही भागत नाही. मागल्या वर्षीची गोष्ट. आई धाकट्याकडं राहते, त्यांच्याच रेशन कार्डावर तिचं नाव. दुकानात आता यंत्रावर अंगठा लावावा लागतो. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. तिनं उजवा अंगठा लावला, यंत्रानं नाकारला. पुसून लावला, नाकारला. डावा लावला. मग एकेक बोट. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "आज्जी, रेघाच उठंनात." आई हसली. म्हणाली, "आरं बाबा, ह्या बोटांस्नी रेघा कुठल्या राहायल्यात आता. खडीनं न्हेल्या, कडब्यानं न्हेल्या." 1972 साली याच अंगठ्याचा शाईतला ठसा हजेरीपटावर घेऊन तिला रोज मिळायचा. काम केल्याचा पुरावा म्हणून. पन्नास वर्षांनी तेच काम करून करून अंगठा गुळगुळीत झाला, आणि ती आहे याचाच पुरावा उरला नाही.

शेवटी घरनं नातवाला बोलावून घेतलं. त्याचंही नाव त्याच कार्डावर. त्यानं अंगठा टेकवला, यंत्रानं एका झटक्यात ओळखला. धान्य मिळालं. तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. बांधावर बसल्यावर दिसलं. जो हात राबला त्याला यंत्र ओळखत नाही, आणि जो अजून राबायचाय त्याला ताबडतोब ओळखतं. मग पोरगं यंत्रासमोर हात दाखवायला शिकलं, तर त्यात त्याची चूक किती आणि आपली किती?

म्हणून माझं म्हणणं मी आता नीट मांडतो. ग्रिपरला माझा विरोध नाही. दाबा, खुशाल दाबा, पंजाला चांगलाच आहे. व्हिडिओलाही विरोध नाही. दाखवायची इच्छा ही पोरांची हाव नाही. न दाखवलेल्याला आपण कधी मोजलं नाही, त्याचं ते फळ आहे. माझा विरोध आहे तो अर्धवट पुराव्याला, आणि त्यावर ‘वाघ’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या आपल्या सगळ्यांना. चहाच्या टपरीवर गप्प बसलेल्या मास्तरासकट. आपण पोराला फुकटची शाबासकी देतो, तेव्हा त्याचं भलं करत नाही. भरतीच्या मैदानावर 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. तिथं मोबाईलमधला व्हिडिओ कुणी बघत नाही. तिथं घड्याळ असतं आणि फीत असते. 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा जिथं पडेल तिथं फीत लागते. गावानं आधीच वाघ करून ठेवलेलं पोरगं तिथनं मान खाली घालून परत येतं, आणि त्याला कळतही नाही की आपण कुठं कमी पडलो. कारण कमी पडल्याच्या एकोणीस खेपा त्यानं स्वतःच पुसलेल्या असतात. त्या खेपा म्हणजे त्याची वही होती. कुठल्या अंतरावर मूठ अडते, कुठलं बोट आधी सुटतं, सगळं त्यात होतं.

आणि शहरातल्या वाचकांनाही एक सांगतो. खेड्यातली ताकद बघायची म्हणून तुम्ही आमच्या पोरांचे व्हिडिओ बघता, गोणी उचलणारे, बैल आवरणारे, ग्रिपर मिटवणारे. बघा. पण तुमच्या ताटातल्या भाकरीच्या मागं जी मूठ आहे, ती कुठल्याही व्हिडिओत मावणारी नाही, कारण ती सकाळी सहाला मिटते आणि संध्याकाळी सहाला उघडते. एवढा लांब व्हिडिओ कुणी बघत नाही. निदान मजुरी ठरवताना, ज्वारीचा भाव महाग वाटताना तिची आठवण ठेवा. तो पुरावा तुमच्या पोटात गेलेला असतो.

गावकऱ्यांना सांगतो ते आणखी सोपं आहे. जत्रेत फेटे बांधताना एखादा फेटा, नाहीतर लुगडं, अशा हाताला द्या ज्याचा ठसा उमटत नाही. सातबाऱ्यावर बायकांची नावं लावा. साक्षीदार लागतो तो यासाठी. मी स्वतः हे आईच्या बाबतीत केलं नाही. दोघा भावांनी बसून ते आता करायचं ठरवलंय. उशीर झालाय, हे मला ठाऊक आहे.

शाळू निघाला. पोराचे फोड वाळून घट्टे झाले. परवा संध्याकाळी तो पुन्हा ओट्यावर ग्रिपर घेऊन आला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "धरतो. पण माझ्या अटी आहेत. पट्टीवरचा आकडा आधी जवळनं दिसला पाहिजे. मुठीत कार्ड घालून सुरुवात करायची. डावा हात लावायचा न्हाई. आणि काय वाट्टेल ते होऊ दे, पुसायचं न्हाई."

त्यानं आतनं आज्जीचं रेशन कार्ड आणलं. मला हसू आलं. म्हटलं, अरे, बँकेचं कार्ड, तेवढ्या रुंदीचं. ते आणलं, मुठीत बसवलं, काढलं. दाबलं. बोटभर अंतर राहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढंच. आई दारात बसून बघत होती. तिनं विचारलं, "काय करायलाय त्यो?" मी म्हटलं, "मूठ मिटवायलाय." ती म्हणाली, "आन बोटं, बघू." त्यानं ग्रिपर तिच्या हातात दिला. ब्याऐंशी वर्षांचा हात, सांधे सुजलेले. तिनं दाबला. जेमतेम हलला. तिनं तो परत दिला आणि म्हणाली, "करंगळीनं धर घट. करंगळी सुटली की समदं सुटतंय. धारंला बी तसंच."

पोरानं करंगळी खाली सरकवली आणि पुन्हा सुरुवात केली. सातवी खेप, आठवी, नववी. अंतर कमी होत होतं, मिटत नव्हतं. बाराव्या खेपेला त्यानं हात झटकला आणि माझ्याकडं बघितलं.

"असला व्हिडिओ कोण बघणार तात्या?"

"मी बघतोय की," मी म्हटलं. "चल, तेरावी."